जुन्या इमारतीतलं ऑफिस, दोन एसी आणि मेन स्विचपाशी येणारा जळका वास

तुम्ही परिस्थिती नीट लिहिली आहे, म्हणून तीच आधी थोडक्यात मांडतो. पुण्यात रविवार पेठेत १९६५ च्या सुमाराची इमारत, तळमजला अधिक तीन मजले. खाली घाऊक दुकानं, वर ऑफिसं, जिना लाकडी आणि एकच. दुसऱ्या मजल्यावर पागडीच्या जागेत तुमचं डिझाइनचं ऑफिस. मागच्या उन्हाळ्यात दीड टनी दोन एसी लावले, तेव्हापासून दुपारी तीन-चारला १६ अँपिअरचा एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) पडायला लागला. वायरमनने तो काढून ३२ चा घातला. आता एमसीबी पडत नाही, पण मेन स्विचपाशी अधूनमधून जळका वास येतो. मालक म्हणतात, पन्नास वर्षांत काही झालं नाही. एक ठेकेदार म्हणतो सगळं वायरिंग बदला, दुसरा म्हणतो एसीपुरती वेगळी लाईन ओढली की झालं. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

त्याआधी आजचं काम. जळका वास येतोय म्हणजे कुठेतरी बेकलाइट (जुन्या स्विचचं कडक प्लास्टिक) किंवा वायरचं आवरण भाजलं जातंय. मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक माणसाने तो उघडून पाहिल्याशिवाय पुन्हा चालू करू नका. ऑफिस एक-दोन दिवस बंद ठेवावं लागलं तरी ठेवा. सुरू करताना १६ चा एमसीबी परत बसवून घ्या आणि पुढचा निर्णय होईपर्यंत दोन एसी एकत्र चालवू नका. हे परिस्थितीवर अवलंबून नाही. बाकीचं बरंचसं आहे.

आता तो १६ चा एमसीबी का पडत होता ते पाहू. दीड टनी एसी चालू असताना साधारण ७ ते ८ अँपिअर घेतो. दोन एसी म्हणजे १५-१६, त्यावर संगणक, प्रिंटर, दिवे. दुपारी बाहेर ऊन तापलं की कंप्रेसरवरचा ताण वाढतो, करंटही वाढतो. शिवाय एमसीबी स्वतः तापमानावर चालतो, त्यामुळे गरम डब्यात तो थोडा लवकर पडतो. म्हणून तुमची वेळ नेमकी तीन-चारची. यात बिघाड काही नव्हता, एमसीबी आपलं काम चोख करत होता.

एमसीबी हा यंत्राच्या रक्षणासाठी असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तो मुख्यतः भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी असतो. प्रमाणकाप्रमाणे एमसीबीने आपल्या आकड्याच्या १.१३ पट करंटला तासभर पडायचं नसतं आणि १.४५ पट करंटला तासाच्या आत पडायचं असतं. ३२ च्या एमसीबीला हा हिशोब लावा. ३६ अँपिअरला तो तासभर हलणार नाही, आणि ४६ अँपिअरलाही जवळजवळ तासभर टिकू शकेल. तुमच्या भिंतीत जर त्या काळची २.५ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची वायर असेल, तर तिचं आवरण एवढ्या वेळात भाजून निघेल. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. पीव्हीसीचं साधं आवरण सतत ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल अशा हिशोबाने बनवलेलं असतं. त्याच्या वर गेलं की ते एका दिवसात वितळत नाही, पण कडक होतं, तडकतं, आणि त्याचं आयुष्य झपाट्याने कमी होतं.

मालकांच्या म्हणण्याकडे येतो. पन्नास वर्षांत काही झालं नाही हे खरंच असेल. इमारत बांधली तेव्हा एका गाळ्यात चार-पाच दिवे, दोन पंखे, फार तर एक रेडिओ, म्हणजे सगळा मिळून अर्धा किलोवॅटसुद्धा भार नसायचा. आज त्याच वाटेने चार-पाच किलोवॅट जातात, तेही रोज आठ-दहा तास सलग. पूर्वीचं वायरिंग पूर्वीच्या कामाला पुरेसं होतं. भार बदलला आणि मीटरपासून तुमच्या दारापर्यंतची वाट तीच राहिली. म्हणून इमारतीच्या वयापेक्षा मी आधी त्या वाटेचं वय आणि जाडी विचारतो.

जुन्या पेठांमध्ये ही वाट साधारण तीन पिढ्यांची सापडते, कित्येकदा एकाच इमारतीत तिन्ही. सगळ्यात जुनी म्हणजे लाकडी पट्टीवर किंवा लाकडी केसिंगमध्ये बसवलेली, रबराचं आवरण आणि वर कापडी वेष्टन असलेली वायर. ही दिसली तर मी मोजमाप करत बसत नाही, सरळ बदलायला सांगतो. अशा रबरावर मेगर (आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र) लावलं तर कोरड्या एप्रिलमध्ये आकडा चांगलाही येऊ शकतो. पण त्याच वायरला स्विच बदलताना हात लावला की रबर भुग्यासारखं गळून पडतं. जोवर कोणी हलवत नाही तोवर ती टिकते, एवढाच तिचा भरवसा.

दुसरी पिढी साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंतची, पीव्हीसी आवरणातली अॅल्युमिनियमची वायर. तांबं महाग आणि टंचाईचं होतं, म्हणून देशभर ती वापरली गेली. तुमच्याकडे बहुधा हीच असेल. वायर म्हणून ती वाईट नाही, मात्र त्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत ती साधारण पाऊणपट करंट वाहू शकते. तिचा खरा धोका जोडांमध्ये आहे. अॅल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साईडचा पातळ थर चढतो आणि तो थर वीज नीट जाऊ देत नाही. तापल्यावर ते तांब्यापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने जास्त प्रसरण पावतं. शिवाय मऊ असल्याने स्क्रूखाली हळूहळू दबत जातं. रोज दुपारी तापायचं, रात्री थंड व्हायचं, असं वर्षानुवर्षं चाललं की घट्ट कसलेला जोड ढिला पडतो. ढिला जोड तापतो, तापला की आणखी ढिला होतो. त्यावर कोणी तांब्याची नवी वायर नुसती पिळून काळी टेप गुंडाळली असेल, तर तो जोड सगळ्यात आधी जळणार.

तिसरी पिढी नव्वदच्या दशकानंतरची, तांब्याची पीव्हीसी वायर. ती बहुतेक वेळा ठेवता येते. तिथे बोर्ड, अर्थिंग आणि संरक्षणाची साधनं सुधारली की काम भागतं.

जोडांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण सगळा धोका तिथे एकवटतो आणि तोच कोणी पाहत नाही. समजा एका टर्मिनलचा स्क्रू ढिला आहे आणि तिथे फक्त ०.१ ओहमचा अडथळा तयार झाला आहे. त्यातून २० अँपिअर गेले की त्या एका ठिपक्यात ४० वॅट उष्णता निर्माण होते. डाग द्यायचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. आता ते दिवसभर लाकडी पाटीला टेकवून ठेवलं आहे असं समजा. आणि करंट तर २० अँपिअरच आहे, त्यामुळे ३२ च्या एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल. वीज जमिनीत गळत नाही, त्यामुळे आरसीसीबीलाही (वीज जमिनीत गळली की पडणाऱ्या स्विचला) काही कळत नाही. ढिला जोड ओळखणारं साधन आपल्याकडच्या नेहमीच्या बोर्डात नसतं. तो माणसानेच उघडून, पाहून, कसून घ्यावा लागतो. १३ जून १९९७ ला दिल्लीत उपहार सिनेमाच्या आगीत ५९ माणसं गेली. तिचं मूळ तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला जोडलेल्या केबलच्या टोकाशी होतं. त्याच दिवशी सकाळी ते दुरुस्त केलं होतं, आणि थिंबल (केबलच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) पंचिंग मशीनने दाबण्याऐवजी डाय आणि हातोडी वापरून ठोकलेलं होतं. संध्याकाळी जोड सुटला. तुमच्याकडे ट्रान्सफॉर्मर नाही, पण जोड ठोकून, पिळून बसवण्याची पद्धत रोज दिसते.

म्हणून दोन ठेकेदारांपैकी कोण बरोबर, याचं उत्तर मोजल्याशिवाय देता येणार नाही. एसीसाठी वेगळी लाईन हे अर्ध बरोबर आहे. ती तुमच्या ऑफिसच्या डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या डब्यापासून) ओढली, पण मीटरपासून डीबीपर्यंतची मुख्य वायर आणि मेन स्विच तेच राहिले, तर सगळा भार शेवटी त्याच जुन्या वाटेवर येणार. वास तुमच्या खोलीत येत नाही, मेन स्विचपाशी येतो, हे लक्षात घ्या. मी असं काम नेहमी मीटरच्या टोकाकडून सुरू करतो आणि आत येतो. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. आतले स्विच नवे, दिवे नवे, फॉल्स सीलिंग नवं, आणि जिन्याखालचा मेन स्विच आजोबांच्या काळातला.

तो मेन स्विच उघडल्यावर काय पाहायचं ते तुम्हाला माहीत असावं, म्हणजे समोरचा माणूस काम करतोय की उरकतोय हे कळेल. जुन्या लोखंडी डब्यात चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील, तर त्यात योग्य फ्यूज वायरऐवजी वायरच्याच दोन-तीन जाड तारा पिळून घातलेल्या आहेत का? हे फार आढळतं, आणि मग फ्यूज असून नसल्यासारखा. फेजबरोबर न्यूट्रललाही फ्यूज आहे का? जुन्या पद्धतीत दोन्हीकडे फ्यूज असायचा. न्यूट्रलचा उडाला तर दिवे बंद होतात, लोकांना वाटतं वीज गेली, आणि वायरमध्ये मात्र २३० व्होल्ट तसेच असतात. असा फ्यूज काढून न्यूट्रल अखंड करायला हवा. तीन फेजचं कनेक्शन असेल तर हे आणखी गंभीर आहे, कारण सामाईक न्यूट्रल तुटला की एखाद्या फेजवर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब जाऊ शकतो. आणि संगणक, एलईडी दिवे यांच्यामुळे न्यूट्रलमधून आता पूर्वीपेक्षा जास्त करंट वाहतो, तर जुन्या केबलमध्ये न्यूट्रल फेजच्या निम्म्या जाडीचा असतो. म्हणून क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावताना फेजबरोबर न्यूट्रलवरही लावायला सांगा.

मोजणी कधी करायची, यालाही महत्त्व आहे. करंट आणि जोडांचं तापमान मे महिन्यातल्या दुपारी, सगळा भार चालू असताना पाहायचं. थर्मल कॅमेरा मिळाला तर उत्तम, ढिला जोड त्यात लगेच उजळून दिसतो. मेगर मात्र पावसाळ्यात लावायचं, जुलैमध्ये, भिंतींना ओल आलेली असताना. ५०० व्होल्टला किमान १ मेगाओहम हा नियमातला आकडा आहे. मेमध्ये १० दाखवणारी लाईन जुलैमध्ये ०.३ वर आलेली मी पाहिली आहे. मेगर लावण्याआधी एलईडी दिवे, संगणक, एसी सगळं सोडवून घ्या, नाहीतर ती उपकरणं खराब होतील.

अर्थिंगचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण जुन्या पेठांत तो हमखास असतो. त्या काळी अर्थची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधायची पद्धत होती. पुढे प्लंबरने लोखंडी पाइप काढून पीव्हीसीचा टाकला आणि कोणाला न कळता अख्ख्या इमारतीचं अर्थिंग गेलं. तीन पिनांचे सॉकेट जागेवर दिसतात, तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. अर्थिंग असलं तरी केवळ एमसीबीवर विसंबून राहता येत नाही, तेही सांगतो. समजा तुमच्या अर्थचा रोध ५ ओहम आहे, जो वाईट मानला जात नाही. फेज लोखंडी शटरला टेकला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. ३२ चा एमसीबी एवढ्याला झटक्यात पडत नाही हे वर पाहिलंच. तेवढा वेळ शटर जिवंत राहील, आणि पावसात ओल्या हाताने कोणीतरी ते ओढेल. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. जुन्या वायरिंगवर तो बसवला की बऱ्याचदा सारखा पडतो, आणि मग वायरमन तो काढून टाकतो किंवा बायपास करतो. तसं करू देऊ नका. तो पडतोय याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, किंवा तुमचा न्यूट्रल शेजारच्या गाळ्याच्या न्यूट्रलमध्ये मिसळला आहे. दुसरी गोष्ट जुन्या इमारतींत सर्रास असते. ती शोधून वेगळी करायला अर्धा-एक दिवस लागतो, तो द्यावा.

आता जिना. तुम्ही ओझरतं लिहिलं आहे की मीटर जिन्याखाली आहेत आणि तिथे खालच्या दुकानाचे खोके असतात. माझ्या मते तुमच्या संपूर्ण वर्णनातली सगळ्यात काळजीची ओळ ती आहे. सगळ्या इमारतीचा भार एकवटतो ती जागा, सगळ्यात जुने जोड तिथे, वर सुकलेलं सागवान, शेजारी पुठ्ठा, आणि वरच्या सगळ्या माणसांना बाहेर पडायला तोच एक रस्ता. आग तुमच्या ऑफिसात लागली तर तुम्ही जिन्याने उतराल. ती जिन्याखाली लागली तर धूर आधी जिन्यात भरतो. मे २०१५ मध्ये मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला लागलेल्या आगीत ती कोसळली आणि अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. अशा इमारतीत आग वाढल्यावर प्रशिक्षित माणसांनाही हाताशी फार वेळ मिळत नाही. खोके हलवायला पैसे लागत नाहीत, कोणाची परवानगीही लागत नाही. या आठवड्यात ते करून घ्या. मीटरपासून काही अंतरावर, हात पोचेल असा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक लावा, आणि तिथे पाणी मारायचं नाही हे खालच्या दुकानातल्या मुलांना समजावून सांगा.

खर्च कोणी करायचा, हे बरंचसं तुमच्या करारावर अवलंबून आहे. साधारणपणे महावितरणची जबाबदारी मीटरपाशी संपते. मीटरपासून तुमच्या गाळ्यापर्यंतची वायर आणि आतलं सगळं तुमचं. जिन्यातले दिवे, पंप आणि इमारतीचं अर्थिंग सामाईक, म्हणजे मालकाचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे जागा दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. त्याने टाळलं तर रीतसर नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत रक्कम वळती करू शकतो. पागडीचं भाडं एवढं कमी असतं की त्यातून मेन स्विचसुद्धा यायचा नाही, पण नोटिशीमुळे गोष्ट कागदावर येते, आणि त्याचा उपयोग होतो. हे वकिलाकडून एकदा तपासून घ्या. माझा अनुभव असा की भांडणापेक्षा इमारतीतल्या पाच-सहा गाळेधारकांनी मिळून एकाच ठेकेदाराकडून सामाईक मीटर पॅनेलचा अंदाज काढला, तर मालकही हलतो, कारण प्रत्येकाचा वाटा पेलणारा निघतो. तरीही कोणी दाद दिली नाही आणि धोका उघड दिसत असेल, तर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज देता येतो.

तुमच्या जागी मी पुढच्या क्रमाने गेलो असतो. मीटरपासून डीबीपर्यंत नवी तांब्याची मुख्य वायर, जुन्या मेन स्विचऐवजी नवं आयसोलेटर (सगळी वीज तोडायचा स्विच) आणि एमसीबी, स्वतंत्र अर्थ, नवी धातूची डीबी, त्यात आरसीसीबी. दोन्ही एसींना प्रत्येकी ४ चौरस मिलिमीटरची वेगळी लाईन. संगणकांच्या सॉकेटना २.५ ची. एवढं झालं की दिवे-पंख्यांची जुनी अॅल्युमिनियमची लाईन, पावसाळ्यातलं मेगर चांगलं आलं तर, ६ अँपिअरच्या एमसीबीवर वर्ष-दोन वर्षं ठेवता येईल. एलईडी दिव्यांमुळे तिथला भार आता फारच कमी असतो. पैसे एकदम नसतील तर थांबायला जागा इथे आहे, मुख्य वायरीत नाही. आणि वायर रबराची निघाली तर हा सगळा हिशोब बाद, मग पूर्ण बदला.

काही बारीक गोष्टी. चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतीत खाचा मारू देऊ नका. भिंत कमकुवत होते आणि ओल वायरपर्यंत पोचते. बाहेरून लोखंडी पाइपातून नेलेली वायर दिसायला थोडी ओबडधोबड असते, पण लाकडी इमारतीत मी तीच पसंत करतो. जिन्यातून जाणाऱ्या वायरला कमी धूर करणारं, हॅलोजनविरहित आवरण घ्या. ठेकेदाराला प्रति पॉईंट दर विचारू नका, कारण त्या दरात वायर कितीही बारीक बसते. प्रत्येक लाईनची जाडी, एमसीबीचा आकडा आणि वायरचा आयएसआय मार्क लिहून मागा. मंजूर भार वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे जाईल, त्यासोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यातले आकडे प्रत्यक्ष तुमच्यासमोर मोजून लिहायला सांगा.

काम आषाढात काढा. धंदा मंद असतो, ओलीतलं मेगरही तेव्हाच घेता येतं, आणि गणपती ते दिवाळीचा रोषणाईचा भार येण्याआधी सगळं बसलेलं असतं. कोणती लाईन कुठे जाते त्याचा नकाशा डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून घ्या. आणि पहिला उन्हाळा गेला की त्याच माणसाला बोलावून वीज बंद करून सगळे टर्मिनल एकदा पुन्हा कसून घ्या. नवे स्क्रूही पहिल्या वर्षात थोडे बसतात.